भरवशाची गाडी

तुमच्या कॉलेजच्या टेक फेस्टमध्ये आरसी कारची रेस होत असेल, तर ट्रॅकच्या कडेला चालणाऱ्या गप्पा तुम्हाला पाठ असतील. मोटर कुठली टाकली? बॅटरी टू-एस की थ्री-एस? सरळ पट्टीत किती पळते? प्रश्न इथेच संपतात. मग शिट्टी वाजते, गाडी सुसाट सुटते, पहिल्या वळणावर शेपूट फिरवते, दुसऱ्या वळणावर टायरांच्या भिंतीत घुसते आणि तिसऱ्यावर उलटी होऊन चाकं हवेत गरगरवत पडून राहते. पब्लिक खूश, रीलला लाइक्स. आणि चार जणांनी दोन-तीन महिन्यांचा पॉकेटमनी एकत्र करून उभी केलेली टीम पहिल्याच फेरीत घरी.

दरवर्षी हेच होतं आणि दरवर्षी त्यावर एकच उपाय काढला जातो : पुढच्या वेळी अजून मोठी मोटर. या उपायाला माझा विरोध आहे. मी मास कम्युनिकेशनची, स्पॅनरशी माझी फार दोस्ती नाही. पण ट्रॅकशेजारी तासन् तास उभं राहून, जिंकणाऱ्या आणि हरणाऱ्या दोन्ही टीमशी बोलून एवढं नक्की कळतं, की पाच मिनिटांची रेस बहुतेक वेळा सर्वांत जोरात पळणारी गाडी जिंकत नाही. पुढच्या क्षणी काय करेल हे जिच्याबद्दल आधीच सांगता येतं, ती गाडी जिंकते. आणि अशी गाडी तयार करायला मोटरीपेक्षा कितीतरी कमी पैसे लागतात. म्हणूनच तालुक्याच्या ठिकाणच्या, स्पॉन्सर नसलेल्या टीमने तर हे सगळ्यात आधी वाचावं.

आधी साधा हिशोब करा. समजा एका टीमची गाडी 18 सेकंदांत लॅप मारते, पण पाच मिनिटांत चार वेळा आपटते. प्रत्येक वेळी मार्शल धावत येऊन ती सरळ करेपर्यंत 10 सेकंद जातात. म्हणजे 300 पैकी 260 सेकंद हातात उरले, त्यात पूर्ण झाले 14 लॅप्स. दुसऱ्या टीमची गाडी लॅपला साडेएकोणीस सेकंद घेते, पण आपटत नाही. तिचे 15 लॅप्स होतात. प्रत्येक लॅपला दीड सेकंद हळू असूनही ही गाडी पुढे! हे गणित सातवीतलं आहे, पण फेस्टच्या धुंदीत ते कुणी करत नाही.

आता आरसीमध्ये भरवशाला एवढं महत्त्व का, तेही बघा. खऱ्या गाडीत बसलेल्या माणसाला गाडी सतत काहीतरी सांगत असते. मागचं चाक सुटायला लागलं की सीटमधून, कमरेतून कळतं. पुढची पकड गेली की स्टिअरिंग हलकं पडतं. तुम्ही मात्र रिमोट घेऊन वीस-तीस मीटर लांब उभे असता. तुमच्याकडे फक्त डोळे आहेत. त्यात गाडी तुमच्या दिशेने यायला लागली की डावं-उजवं उलटं होतं. माणसाला डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीवर बोटं हलवायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतोच. ताशी 36 किलोमीटरने पळणारी गाडी तेवढ्यात दोन मीटर पुढे जाते. एक-दशांश स्केलची टुरिंग कार 40-45 सेंटीमीटर लांब असते, म्हणजे तुमचं बोट हलेपर्यंत गाडी स्वतःच्या लांबीच्या चारपट-पाचपट पुढे गेलेली असते. थोडक्यात, आरसीवाला गाडी सावरत नाही, तो आधीच अंदाज बांधून चालवतो. अंदाज बांधता येत नसेल, तर त्या गाडीची अवस्था भरवशाच्या म्हशीला टोणगा अशीच होणार, आणि तीही नेमकी फायनलला.

मग सुरुवात कुठून करायची? यूट्यूब उघडलं की पहिल्या मिनिटाला स्प्रिंग बदला, डिफ ऑइल बदला सुरू होतं. थांबा. आधी गाडी वाकडी तर नाही ना, ते बघा. डावीकडे छान वळणारी आणि उजवीकडे वळताना फिरणारी गाडी तुम्ही पाहिली असेल. बहुतेकदा तिची चेसिस पिळलेली असते, किंवा एका बाजूचा शॉक दुसऱ्यापेक्षा घट्ट असतो. आरसीवाले याला ट्वीक म्हणतात. तपासणी फुकटात होते. गाडी काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवा, पुढच्या बंपरच्या बरोबर मध्याखाली स्क्रूड्रायव्हरचं टोक घाला आणि हळूहळू उचला. पुढची दोन्ही चाकं एकाच वेळी जमीन सोडायला हवीत. एक आधी उचललं गेलं, तर काहीतरी पिळलेलं आहे. मागच्या बाजूनेही तेच करा. वरच्या डेकचे स्क्रू सैल करून, चेसिस फरशीवर सपाट दाबून पुन्हा आवळले की निम्म्या गाड्या तिथेच सुधारतात. अपघात झाला, गाडी आपटली की ही तपासणी परत करायची. दोन हीटच्या मध्ये बॅटरी चार्ज होताना तुम्ही वडापाव खात असता, त्याच वेळात होते.

त्यानंतर वजन. बॅटरी एका बाजूला, मोटर दुसऱ्या बाजूला, मधे ईएससी कुठेतरी चिकटवलेला, अशा गाडीचं डावं-उजवं वजन सारखं असेलच असं नाही. घरातले दोन सारखे किचनचे वजनकाटे घ्या, डावी चाकं एकावर आणि उजवी दुसऱ्यावर येतील असं बघा. काट्याचा तवा लहान पडला तर दोन्हींवर सारख्या उंचीची फळी टाका आणि काटा आधी शून्यावर आणा. ईएससी किंवा रिसीव्हर थोडा सरकवून दोन्ही आकडे जवळ आणा. आईने काटे का नेले म्हणून विचारलं, तर व्हेइकल डायनॅमिक्सचं प्रॅक्टिकल आहे म्हणून सांगा. खोटं नाही ते.

शॉक्सच्या बाबतीत एक खूण लक्षात ठेवा. पुढच्या दोन्ही शॉक्सच्या स्प्रिंग काढा, दोन्ही शॉक शेजारी शेजारी उभे धरा आणि तळहाताने एकदम दाबा. दोन्ही सारख्याच जोराने आत गेले पाहिजेत आणि सारखेच बाहेर आले पाहिजेत. एकातून पिचपिच आवाज येत असेल तर आत हवा आहे. ऑइल भरून, पिस्टन हळूहळू वरखाली करून बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबायचं असतं, आणि थांबणं हीच गोष्ट आपल्याला जमत नाही. ऑइल घेताना बाटलीवरचा सीएसटीचा आकडा बघा. वेट नावाचा जो आकडा छापतात, तो कंपनीगणिक वेगळा निघतो. एकीचं 30 दुसरीच्या 30 शी जुळेल याची खात्री नाही. शिवाय सिलिकॉन ऑइल उन्हाने पातळ होतं. सकाळी आठला प्रॅक्टिसमध्ये गुणी बाळासारखी चाललेली गाडी दुपारी दोनच्या उन्हात डबक-डबक करायला लागली, तर भूत लागलेलं नाही, ऑइल पातळ झालंय.

पण खरं सांगायचं तर वरची सगळी मेहनत टायरांपुढे फिकी आहे. गाडीचं जमिनीशी नातं चार टायरांच्या चार छोट्या ठिपक्यांपुरतंच असतं, आणि आपण नेमकं तिथेच पैसे वाचवतो. आपल्याकडे रेस कुठे होतात? पार्किंगच्या सिमेंटवर, बास्केटबॉल कोर्टवर, नाहीतर मैदानावरच्या मुरुमात. तिन्हींची पकड वेगळी. सिमेंटवर धूळ असेल तर गुळगुळीत टायर ती गोळा करतात आणि दोन लॅपनंतर गाडी बर्फावर असल्यासारखी घसरते. ओल्या फडक्याने टायर पुसणं आणि ट्रॅक झाडून घेणं हा जगातला सर्वांत स्वस्त सेटअप आहे. पुढची जोडी एकाच कंपाउंडची आणि सारखीच झिजलेली हवी, मागचीही तशीच. नवे कोरे टायर थेट फायनलला लावू नका, पहिले काही लॅप्स ते घसरतातच. टायर रिमला नीट चिकटवलेत ना, कडेने अंगठ्याने दाबून बघा. एका ठिकाणी जरी गोंद सुटला असेल तरी वेगात टायर रिमवरून सरकतो आणि गाडी कुठल्या तरी भलत्याच दिशेला खेचली जाते.

बास्केटबॉल कोर्टवर एक मजेशीर गोष्ट घडते. गाडी वळणावर उलटते आणि टीम म्हणते, पकड कमी पडतेय, अजून मऊ टायर लावू. प्रत्यक्षात पकड जास्त झालेली असते. टायर घसरत नाही, वरचं वजन मात्र बाहेर झुकतं आणि गाडी कुशीवर. अशा वेळी गाडी खाली बसवायची, स्प्रिंग थोड्या कडक करायच्या किंवा पुढचे टायर कमी पकडीचे लावायचे. घसरणारी गाडी आणि उलटणारी गाडी या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, औषध उलटं पडतं.

म्हणून गाडीची तक्रार नीट शब्दांत मांडायला शिका. "गाडी बेकार चालतेय" ही तक्रार नाही, तो वैताग आहे. वळणाचे तीन भाग करा : शिरताना, मध्यावर आणि बाहेर पडताना. प्रत्येक ठिकाणी गाडी दोनपैकी एक करते. एक तर नाक बाहेर काढते, म्हणजे तुम्ही वळवता त्यापेक्षा कमी वळते. नाहीतर शेपूट सोडते, म्हणजे मागची चाकं पुढच्यांना मागे टाकायला बघतात. शिरताना शेपूट सोडते की बाहेर पडताना थ्रॉटल देताच सोडते, यावर उपाय बदलतो. ब्रेक मारल्यावर वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. मागचा ड्रूप जास्त असेल, म्हणजे मागचा भाग वर उठताना चाक बऱ्याच अंतरापर्यंत जमिनीला धरून राहत असेल, तर हे वजन पुढे जास्त जातं, गाडी वळणात चटकन शिरते आणि दिशा बदलताना मात्र आळशी होते. ड्रूप कमी केला की मामला शांत होतो. मला हा ड्रूप सगळ्यात दुर्लक्षित वाटतो, कारण त्यासाठी नवं काही विकत घ्यावं लागत नाही. बहुतेक चेसिसमध्ये एक छोटा स्क्रू फिरवला की झालं, आणि फुकटच्या गोष्टीचं आपल्याला कौतुक नसतं.

बाकीचं थोडक्यात. ज्या टोकाची स्प्रिंग मऊ, त्या टोकाला साधारणपणे पकड जास्त. मागच्या चाकांना दोन-तीन अंश टो-इन म्हणजे पुढची टोकं किंचित आत, यामुळे सरळ पट्टीत आणि थ्रॉटल देताना गाडी स्थिर राहते. वेग किंचित जातो, जाऊ द्या. टुरिंग कारला एक-दोन अंश निगेटिव्ह कॅम्बर पुरतो, मोजायला ड्रॉइंगचा गुण्या चालतो. आणि नवखा ड्रायव्हर असेल तर सुरुवातीला गाडी किंचित नाक बाहेर काढणारीच ठेवा. नाक बाहेर काढणारी गाडी थ्रॉटल सोडला की परत वळते. शेपूट सोडणारी गाडी थ्रॉटल सोडला की अजून चिडते.

रिमोटकडे बहुतेकांचं लक्ष शेवटी जातं. त्यातही ट्रिमचं बटण दाबून वाकडी गाडी सरळ पळवायची आणि आतला आजार झाकायचा, हा आपला राष्ट्रीय जुगाड. ट्रिम शून्यावर आणा, सर्वोचा हॉर्न मध्यावर बसवा, दोन्ही टाय-रॉड सारख्या लांबीचे करा, मगच ट्रिमला हात लावा. डावं आणि उजवं वळण सारख्याच वर्तुळात होतंय का बघा आणि एंड पॉइंट जुळवा. मग ड्युअल रेट कमी करत जा, इतका की मधल्या वेगात स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी गाडी गरकन फिरणार नाही. एक्स्पोने मधला भाग मऊ करा, सरळ पट्टीतली नागमोडी चाल तिथेच थांबते. ईएससीचा पंच कमी करा. एवढ्याला रुपया लागत नाही, आणि मोठी मोटर टाकल्याने बिघडलेली अर्धी गाडी इथे दुरुस्त होते.

आता मुद्द्याची गोष्ट, जी कुठल्याही व्हिडिओतल्या टिप्सपेक्षा मोलाची आहे. एका वेळी एकच बदल. हे सगळेच सांगतात, पण पुढचं अर्धं सांगत नाहीत : बदल करून गाडी सुधारली असं वाटलं, की तो बदल काढून टाका आणि पुन्हा चालवा. कारण दहा लॅप्स मारल्यावर तुमचा हात बसलेला असतो, टायर गरम झालेले असतात, ट्रॅकवरची धूळ उडून गेलेली असते. लॅप टाइम कमी झाला तो यातल्या कशामुळेही असू शकतो आणि श्रेय मात्र स्प्रिंगला मिळतं. जुन्या स्प्रिंगवर परत गेल्यावर वेळ पुन्हा बिघडली, तरच त्या स्प्रिंगने काम केलं. सायन्सच्या पुस्तकात याला कंट्रोल म्हणतात, परीक्षेत आपण चार मार्कांसाठी लिहितो आणि पार्किंगमध्ये विसरतो.

मोजायचं काय? सर्वांत वेगवान लॅप नव्हे. दहा लॅप्स सलग मारा, मित्राला फोनवर वेळ घ्यायला सांगा आणि सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट लॅप यांतला फरक बघा. तो तीन सेकंदांवरून एकावर आला, तर तुमचा सेटअप बरोबर दिशेने चाललाय, भले एखादा भन्नाट लॅप हुकला असेल. ट्रॅक मिळत नसेल तर दोन पाण्याच्या बाटल्या उभ्या करा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठाचा आकडा काढत राहा. फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांत मुलांनी बनवलेल्या मोठ्या गाड्यांना स्किडपॅड नावाची चाचणी द्यावी लागते, तीही आठच्या आकड्याचीच. त्यात डावं आणि उजवं दोन्ही वळण येतं, वाकडी गाडी लगेच उघडी पडते.

हे सगळं वहीत लिहा. तारीख, जागा, ऊन, टायर, ऑइल, काय बदललं, काय झालं. इथे थोडं रागाने लिहिते. अनेक टीममध्ये एखादी मुलगी असते आणि तिला डॉक्युमेंटेशन देतात, म्हणजे रिपोर्ट टाइप कर आणि फोटो काढ. रिमोट मात्र, ज्याने जास्त पैसे घातले त्याच्या हातात. भरवशाची गाडी घडवायची असेल तर ही वही हेच टीमचं सर्वांत महत्त्वाचं काम आहे. वही लिहिणाऱ्याला, मग तो मुलगा असो की मुलगी, पुढचा बदल काय करायचा हे ठरवण्याचा अधिकार द्या. आणि रिमोट त्याच्या हातात द्या, जो उतरल्यावर गाडी कुठे, कशी सुटली हे शांतपणे सांगू शकतो.

यावर कुणी म्हणेल, मोठे ड्रायव्हर तर अगदी चपळ, टोकाच्या गाड्या चालवतात. खरं आहे. जपानचा मासामी हिरोसाका आरसीतला 14 वेळा विश्वविजेता. त्याच्या पातळीवरच्या ड्रायव्हरला जी गाडी आज्ञाधारक वाटते, ती तुमच्या-माझ्या हातात तीन वळणंही टिकणार नाही. पण त्याच्यासाठी ती भरवशाचीच असते. तिचं चपळपण कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे त्याच्या बोटांना पाठ असतं. परदेशी कंपन्या आपल्या ड्रायव्हरांच्या सेटअप शीट नेटवर टाकतात. त्या वाचा, शिकण्यासारखं पुष्कळ असतं. मात्र त्या कार्पेटच्या किंवा नीट राखलेल्या ट्रॅकसाठी, ठरावीक टायरांसाठी बनवलेल्या असतात. पार्किंगच्या सिमेंटवर त्या जशाच्या तशा उतरवणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणं.

आता आयोजकांना, म्हणजे पुन्हा तुमच्यातल्याच कुणाला तरी. एका लॅपच्या वेळेवर विजेता ठरवणं बंद करा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत इलेक्ट्रिक गाड्यांची फेरी साधारण पाच मिनिटांची असते आणि तेवढ्यात किती लॅप्स झाले ते मोजतात. आपल्याला तसं करायला काय हरकत आहे? प्रत्येक टीमला त्याच ट्रॅकवर किमान अर्धा तास प्रॅक्टिस द्या. ट्रॅकचा झाडू स्पर्धेच्या बजेटमध्ये धरा. आणि एंट्रीसोबत सेटअपची वही मागा, तिला मार्क द्या. बघा, मोटर बदलायची स्पर्धा आपोआप थंड पडेल.

एक गोष्ट मात्र मार्कांच्या पलीकडची. चांगल्या क्लबमध्ये एका हीटचे ड्रायव्हर पुढच्या हीटला मार्शल म्हणून ट्रॅकवर उभे राहतात. आपल्या फेस्टमध्ये तिथे फर्स्ट इयरची मुलं असतात, चपला घातलेली, फोनवर शूटिंग करत वाकलेली. दीड किलोची गाडी ताशी 36 किलोमीटरने नडगीवर बसली, तर काय होतं याचा हिशोब फिजिक्सवाल्यांनी करावा. हाड मोडायला तेवढं पुरेसं आहे. म्हणून रेसच्या आदल्या दिवशी रिमोटचा फेलसेफ तपासा. गाडी स्टँडवर ठेवून चाकं हवेत फिरू द्या, मग रिमोट बंद करा. चाकं तिथल्या तिथे थांबली पाहिजेत. थांबली नाहीत, तर ती गाडी ट्रॅकवर उतरवू नका, आयोजकांनी उतरवू देऊ नये. आणि मार्शलला बूट घालायला सांगा.